बारा खड्ड्यांचा पंचनामा

"इंदू, आधी आखून बघ हो. घाई करू नकोस. खड्डा चुकला तर बुजवता येतो. झाड चुकलं तर उपटावं लागतं, आणि लावलेलं झाड उपटायचं म्हणजे जिवावर येतं."

हे माझ्या सासूबाईंचे शेवटचे शब्द. म्हणजे अगदी शेवटचे नव्हेत. त्यानंतर त्यांनी "दुधावर झाकण आहे ना?" असंही विचारलं होतं, पण ते मी धरत नाही.

त्या दिवशी त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं, माझं मनगट धरलं आणि कानाशी तोंड आणून म्हणाल्या, "माझी लाखोली राहिली. पारिजातकाची. ती तू वाहा. फूल विकतचं नको, मागून आणलेलं नको, कुणाच्या कुंपणावरून काढलेलं तर नकोच. आपल्या परसातलं हवं. आणि संकल्प सोडीपर्यंत बाहेर कुणाजवळ बोलू नकोस. व्रताची वाच्यता झाली की त्यातलं निम्मं निघून जातं." मग ती आखण्याबद्दलची सूचना. मी "हो" म्हटलं.

माझा "हो" मुळातच हळू. लग्नात अंतरपाट दूर झाल्यावर भटजींनी तीनदा विचारलं होतं, "मुलगी काही म्हणाली का?" तेव्हा सासूबाईंना दिलेला हा शब्द त्यांनी आणि मीच ऐकला. उंबऱ्याशी हे वैद्यांचा काढा घेऊन उभे होते. त्यांनी ऐकलं नाही, नुसतं पाहिलं. पुढचं सगळं रामायण त्या नुसत्या पाहण्यातून झालं, पण ते मला फार उशिरा कळलं.

चातुर्मासात देवाला एक लाख फुलं वाहायची, ती लाखोली. एक लाख फुलं आपल्या परसातून यायची तर परसात आधी झाडं हवीत, आणि पारिजातकाचं रोप लावल्यावर सडा पडायला दोन-तीन वर्षं तरी हवीत. म्हणजे यंदाच्या आषाढात झाडं लागली तर तिसऱ्या वर्षीच्या चातुर्मासात लाखोली. यंदा चुकलं तर चौथ्या वर्षी. माझी पन्नाशी जवळ आली होती. देवाजवळ वेळ पुष्कळ असतो, माझ्या गुडघ्यांजवळ नव्हता. शिवाय लढाईचे दिवस. रॉकेल नाही, साखर नाही, उद्या काय नाहीसं होईल याचा नेम नाही. सासूबाई जाऊन दोन वर्षं झाली होती आणि मी परसात उभी राहून नुसती मुरमाकडे बघत होते.

तेव्हा त्या वैशाखात मी ह्यांच्याजवळ विषय काढला. हे म्हणजे आमच्या गावच्या, खर्ड्याच्या शाळेचे हेडमास्तर. त्यांच्या आजोळी, डोंगरापलीकडे पाच कोसांवर, सासूबाईंनी लहानपणी लावलेला पारिजातक अजून उभा आहे आणि त्याच्याखाली रोपं उगवतात, असं सासूबाईच सांगायच्या.

"परसात जरा बाग करावी म्हणते. आजोळचं पारिजातकाचं रोप आणाल का?"

"आणतो," हे म्हणाले.

ह्यांचा "आणतो" फार प्रामाणिक असतो. महिना उलटला तरी तो तितकाच प्रामाणिक राहतो.

मग माणूस शोधणं आलं. शेजारच्या दमयंतीबाईंना मी सहज विचारलं, कुणी माळी ठाऊक आहे का. त्यांनी हातातली सुपली खाली ठेवली. दमयंतीबाई सुपली खाली ठेवतात तेव्हा सावध व्हावं.

"माळी? कशाला गं, इंदूवहिनी?"

"बाग करायची आहे."

"एकदम?"

मी म्हटलं, एकदम नाही, हळूहळू.

"नाही, इतकी वर्षं परसात गवऱ्या वाळत घालायची जागा होती, आता एकदम बाग, म्हणून विचारलं. सासूबाई असताना तर काही नव्हतं हो." आणि त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की न केलेला गुन्हा मला आठवायला लागला.

त्यांचे यजमान नृसिंहराव गावचे पोस्टमास्तर. ते भिंतीपलीकडूनच म्हणाले, "बियाणं पुण्याहून मागवा. कार्ड लिहा, लिफाफा नको. कार्ड लवकर जातं." लिफाफा का नको, हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. लिफाफा चिकटवलेला असतो.

शेवटी माणूस मिळवून दिला तो दूध घालणाऱ्या राहीबाईनं. त्याचं नाव भिमाजी. पागोटं सारखं करत तो परसात आला आणि कमरेवर हात ठेवून जमिनीकडे बघत राहिला, वैद्य नाडी बघतो तसा.

"वैनीसाहेब, म्या नगरला कँपात गोऱ्या सायबाच्या बंगल्यावर सात वर्सं काडली. पयलं मधी एक गोल घ्यायचा. गोलात हिरवळ. हिरवळीच्या मधी फवारा."

"आणि पाणी?"

"पानी तुमी आना."

आमच्याकडे उन्हाळ्यात दोन घागरी पाण्यासाठी बारवेच्या बावन्न पायऱ्या उतराव्या लागतात. मी फवाऱ्याला नम्रपणे नकार दिला आणि म्हटलं, पारिजातक तीन, बाकी तगर, जास्वंद, कण्हेर, बेल अशी पूजेची झाडं, मिळून बारा. भिमाजीचा चेहरा पडला. "नुस्ती देवाची?" तो म्हणाला. "बघनाऱ्याला कायच न्हाई?"

तो गेल्यावर राहीबाई हळूच म्हणाली, "बाई, त्यो बंगल्यावर हुता हे खरं हाय, पन माळी न्हवता. सायबाच्या घोड्याला गवत घालायचा. तरी ठेवून घ्या. हाताला गुन हाय त्याच्या, लावल्यालं जगतंय."

घोड्यावरून मला शंका आली, पण हाताच्या गुणापुढे मी गप्प बसले.

आता आखणी. हे म्हणाले, चौकटीच्या कागदावर काढ. मी प्रयत्न केला. कागदावर मला काही सुचत नाही. आयुष्यभर मी एकाच गोष्टीनं जमीन आखली आहे, ती रांगोळीनं. तेव्हा सोमवारी पहाटे स्नान करून मी परसात गेले आणि तुळस मध्ये धरून बारा ठिपक्यांची बाग काढली. पारिजातक आणि तगर पांढऱ्या रांगोळीनं. कण्हेर पिवळी म्हणून हळद. जास्वंदीला कुंकू. बेलाला वाळक्या पाल्याची पूड. मधून जायच्या वाटा दुहेरी रेषेनं. इतकी सुरेख बाग झाली, की खणूच नये असं वाटलं. खरं तर तिथेच थांबायला हवं होतं.

इथे माझ्या नेमांबद्दल सांगायला हवं. सोमवारी मी दिवेलागणीपर्यंत मौन पाळते. मौनात लिहायचंही नाही, कारण लिहिलेलं म्हणजे शाईनं बोललेलंच, असं सासूबाई म्हणायच्या. आणि रोज सकाळी तुळशीला एकशेआठ प्रदक्षिणा. तेव्हा त्या सोमवारी दमयंतीबाईंनी भिंतीवरून डोकं वर काढलं, तर त्यांना काय दिसलं? पांढऱ्या, पिवळ्या, तांबड्या पुडीच्या आकृत्या, आणि त्यांच्या मधोमध ओल्या केसांनी ओठ हलवत गोल गोल फिरणारी मी.

"अगं बाई! वहिनी, हे काय मांडलंय?"

मी थांबले, हसले आणि ओठांवर बोट ठेवलं. माझं मौन आहे, एवढंच मला सांगायचं होतं. दमयंतीबाईंनी डोळे मोठे केले, स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं, दोनदा मान हलवली आणि भिंतीआड गेल्या. मला वाटलं, समजूतदार बाई आहे.

दुपारपर्यंत गावाला कळलं होतं.

काय कळलं होतं, ते मला कळायला गुरुवार उजाडला. आमच्या गावाला किल्ला आहे, त्याचा हा परिणाम. किल्ल्याच्या सावलीत राहणाऱ्या माणसाला जमिनीवर विश्वास नसतो. कुणी विहिरीचा गाळ काढला तरी येणारा-जाणारा आत वाकून विचारतो, "निघालं का काही?" काही म्हणजे मोहरांचा हंडा. अशा गावात मी आधी आकृत्या काढल्या आणि दुसऱ्या दिवशी खणायला माणूस लावला.

तो माणूसही भिमाजी. त्यानं पहिली कुदळ मारण्यापूर्वी लिंबू कापलं, कुंकू लावलं आणि काहीतरी पुटपुटला. मी म्हटलं, हे कशाला?

"जमिनीचं तोंड उगडायचं म्हंजी तिला आदी द्यावं लागतंय. सायबाच्या बंगल्यावर बी देत हुतो."

"साहेब काही म्हणाला नाही?"

"त्याला कवा दावलंच न्हाई."

लिंबाला माझी ना नव्हती, पण कापलेलं लिंबू तसंच पडू देणं मला बरं दिसेना. ते उचलायचं म्हणता म्हणता राहून गेलं. ह्या "राहून गेलं"ची किंमत पुढे सरकारी कागदावर दिसली.

दोन दिवस खणून भिमाजीनं बारा खड्डे केले, एक वीत खोल. एका वितीखाली मुरूम लागला आणि कुदळीचं टोक वाकलं. "आता म्हईनाभर पानी मारून मऊ करा," तो म्हणाला. आषाढाला महिना नव्हता. पाणी तर नव्हतंच. "न्हाईतर चार दांडगे गडी लावा." दांडगे गडी जामखेडच्या रस्त्याच्या कामावर होते. "नेट लावून बघतो," असं म्हणून तो खड्ड्यात बसला आणि मातीची चिमूट नाकाशी नेऊन म्हणाला, "वैनीसाहेब, खरं सांगा. हितं खाली काय हाय?"

"मुरूम," मी म्हटलं.

"तुमी सांगा न्हाईतर नका सांगू," तो म्हणाला, आणि त्या दिवसापासून तो काम संपल्यावरही घरी जाईनासा झाला. कुंपणाशी बसून बिडी ओढायचा आणि खड्ड्यांवर नजर ठेवायचा.

मग लोक येऊ लागले. जन्मात आमच्या परसात न आलेली माणसं परसातूनच यायला लागली. कुणी म्हणे, आमची शेळी इकडे आली का. कुणी म्हणे, तुमच्याकडे खोरं आहे का. खोरं मागणाऱ्याचा मला फार संशय आला. नृसिंहराव तर तुळशीला नमस्कार करायला आले, आणि नमस्कार करताना त्यांनी टाचेनं जमीन ठोकून पाहिली. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

दमयंतीबाई शेवटी स्पष्टच बोलल्या. "हे बघ इंदूवहिनी, मी कुणाजवळ बोलले नाही." (गावात त्यांच्याखेरीज दुसरं कुणी बोलतच नव्हतं.) "पण तुझा तो सातवा खड्डा आमच्या भिंतीला लागून आहे. त्यात काही निघालं तर भिंतीच्या बाजूचा विचार कर."

"तिथे जास्वंद लावणार आहे हो."

"लाव की! नाही कोण म्हणतंय? जास्वंद लाव, काय हवं ते लाव. पण भिंतीचा विचार कर."

संकल्पाआधी व्रताची वाच्यता करायची नाही, हे माझ्यावर बंधन होतं. लाखोलीचं नाव काढता येईना, आणि "बाग" म्हटलं की प्रत्येक जण माझ्याकडे बघून असं मंद हसे, की माझं मलाच खोटं वाटायला लागे.

सगळ्यांत जास्त संशय मात्र मला ह्यांचा आला. तीस वर्षांत ज्या माणसानं परसाकडे दात घासण्यापलीकडे पाहिलं नाही, तो माणूस आता जेवताना विचारू लागला, "बाराच खड्डे का?"

"बारा झाडं म्हणून."

"आईनं सांगितले होते का, बारा?"

"नाही. आखून बघ, एवढंच म्हणाल्या."

"आखून बघ," हे स्वतःशी म्हणाले. "कुठून आखायचं, ते सांगितलं होतं?"

मला भरून आलं. वाटलं, आईच्या आठवणीनं बागेत लक्ष घालताहेत. मी भाकरीवर लोणी जरा जास्त घातलं. मग त्यांनी विचारलं, "तुळशीपासून किती पावलं?" आणि मी लोण्याचा हात आखडला.

दुसऱ्या सोमवारी तलाठी आले. सोबत कोतवाल, कोतवालाच्या हातात दप्तर. मी प्रदक्षिणेत. ह्यांची उन्हाळ्याची सुट्टी, त्यामुळे हेही घरात. भिंतीवर दमयंतीबाई, कुंपणाशी भिमाजी.

"बाई, तक्रार नाही, चौकशी आहे," तलाठी म्हणाले. "जमिनीत काही सापडलं तर ते आधी सरकारला कळवायचं असतं. सापडलंय का काही?"

मी मान हलवली, नाही.

"मग सापडणार आहे का?"

याला मानेनं काय उत्तर द्यावं? मी आकाशाकडे हात केला. देवाला माहीत, अशा अर्थी. तलाठ्यांनी वर पाहिलं, कोतवालानंही पाहिलं.

"खड्डे कशासाठी?"

मी बोटांनी फूल उमलवून दाखवलं. आता मला सांगा, फूल उमलवून दाखवताना मूठ मिटून उघडावीच लागते ना? तर कोतवाल म्हणाला, "मुठीत मावंल एवढं म्हन्त्यात."

"फुलं म्हणत असतील," तलाठी म्हणाले, आणि क्षणभर मला तो माणूस देवमाणूस वाटला. पण लगेच त्यांनी भुवई चढवली. "इकडे सरकार 'अधिक धान्य पिकवा' म्हणून पाट्या लावतंय आणि हेडमास्तरांच्या घरी फुलं? हे पटत नाही. मास्तर, तुम्ही सांगा."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. एवढं म्हणाले असते, "हो, बागच आहे," तर तिथे सगळं संपलं असतं. हे घसा खाकरून म्हणाले, "मला काही कल्पना नाही. आई जाताना हिच्या कानात काही बोलली, एवढं मी पाहिलं. काय बोलली, ते मला कुणी सांगितलेलं नाही."

भिंतीवरून "अगं बाई!" असा आवाज आला.

आजवर मी कुणाला उलट बोलले नाही. त्या दिवशी बोलले असते, आणि नेमका सोमवार होता.

पंचनामा झाला. तलाठ्यांनी तो मोठ्यानं वाचून दाखवला, तो मला अजून पाठ आहे. "परसात खड्डे नग बारा, खोली अदमासे एक वीत. तुळस नग एक. लाल, पिवळ्या व पांढऱ्या पुडीच्या खुणा, पैकी काही पुसट. लिंबू नग एक, कापलेले, वाळलेले. घरधनिणीस विचारले असता तिने आभाळाकडे हात केला." खाली पंच म्हणून, भिंतीपलीकडून बोलावून आणलेल्या नृसिंहरावांची सही आणि भिमाजीचा अंगठा. मग कोतवालानं बाराही खड्ड्यांभोवती सुतळी बांधली. तालुक्याचा हुकूम येईपर्यंत आत कुणी कुदळ मारायची नाही, खड्डे बुजवायचेही नाहीत.

"हुकूम कधी येईल?" हे मी दिवेलागणीनंतर भिमाजीला पाठवून विचारलं. उत्तर आलं, दिवाळीपर्यंत यायला हरकत नाही.

मी देवासमोर बसले. आषाढ आठ-दहा दिवसांवर आला होता. तगरीची आणि जास्वंदीची रोपं राहीबाईनं आणून दिली होती, ती पडवीत मडक्यांतून माना टाकत होती. पारिजातकाचं रोप तर अजून ह्यांच्या "आणतो"मध्येच होतं. सासूबाईंना दिलेला शब्द सुतळीच्या आत अडकला होता. मी देवाला काही मागत नाही, तसा माझा नेम आहे. त्या दिवशी मी फक्त म्हटलं, "खड्डे उथळ आहेत रे."

मग एकादशी आली. विठ्ठलाच्या देवळात कीर्तन आणि रात्रभर जागरण. हे म्हणाले, "तू जा. माझं डोकं दुखतंय." कीर्तनाला बायका नेहमीसारख्या होत्या, पण पुरुषांची बाजू अर्धी रिकामी. बुवांनी दोनदा तिकडे पाहून उसासा टाकला. दमयंतीबाई माझ्या शेजारीच होत्या. मी विचारलं, "नृसिंहराव नाही आले?" तर म्हणाल्या, "त्यांचं डोकं दुखतंय."

मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण अभंग चांगला रंगला होता.

रविवारी उजाडताना घरी येऊन परसाचं दार उघडलं, तर मी उंबऱ्यातच बसले. सुतळी कुठल्या कुठे. बारा खड्डे, आणि प्रत्येक खड्डा कमरेइतका खोल. फोडलेला मुरूम एका बाजूला, भुसभुशीत माती दुसऱ्या बाजूला. सातवा खड्डा तर दमयंतीबाईंच्या भिंतीच्या पायापर्यंत गेलेला. मध्ये तुळस मात्र जशीच्या तशी. तिला कुणी हात लावला नव्हता, एवढी गावाची श्रद्धा.

राहीबाई दूध घेऊन आली ती पदर तोंडाला लावूनच. ती मागच्या गल्लीत राहते, उन्हाळ्यात घराच्या मातीच्या धाब्यावर निजते, तिथून आमचं परस दिसतं.

"बाई, काय सांगू! आदी भिमाजी आला. त्यो खनतोय तवर भितीवरनं पोष्टमास्तर उतारला. दोगं एकमेकाकडं बगत उबं. मग तलाठी आन कोतवाल. कुनी कुनाला 'तू का आलास' म्हनंना. मग सगळीच खनाय लागली. एकमेकाकडं बगत बगत खनत हुती, दुसऱ्याला घावंल म्हनून कुनी दम बी घेईना. लई काम केलं बया! रोजगारी मानूस एवढं न्हाई करत."

"आणि काय सापडलं?"

"एक लोखंडी कडी. बादलीची असंल."

मी विचारलं, "राहीबाई, तिथे चौघंच होते?"

राहीबाईनं दुधाचं माप दोनदा पालथं केलं. "कंदील धराय पाचवा हुता," ती म्हणाली. "मागनं त्यानं बी कुदळ घेतली. म्या त्याचं त्वांड न्हाई बगितलं, बाई. डोक्याला टोपी हुती, येवडं खरं."

त्या दिवशी गावानं उजव्या हाताची रजा घेतली. रविवार असूनही पोस्टात तुंबलेल्या टपालावर नृसिंहराव डाव्या हातानं शिक्के मारत होते, निम्मी टपाल तिकिटं कोरीच गेली. तलाठी तापानं आजारी होते. दमयंतीबाई भिंतीचा पाया बघून गेल्या आणि जन्मात पहिल्यांदा काही बोलल्या नाहीत.

संध्याकाळी तलाठी मात्र ताप घेऊनच आले. खाली मान घालून म्हणाले, "बाई, तो कागद मी मागे घेतो. नवा केला आहे." नव्या कागदावर असं होतं, की हेडमास्तरांच्या परसात 'अधिक धान्य पिकवा' योजनेखाली गावकऱ्यांनी स्वखुशीनं श्रम करून बारा खड्डे खणले असून खोली समाधानकारक आहे. "तेवढी एखादी भेंडी लावा कडेला," ते म्हणाले. "म्हणजे मला खोटं लिहिल्यासारखं होणार नाही." भेंडी देवाला चालत नसली तरी जेवायला चालते. मी कबूल झाले. कडी मात्र त्यांनी नोंद करून तालुक्याला पाठवली. तिचा निकाल अजून आलेला नाही.

रात्रीच्या जेवणाला हे पाटावर बसले आणि म्हणाले, "चमचा दे."

"वरण-भाताला?"

"आज चमच्यानंच जेवावंसं वाटतंय."

मी चमचा दिला. तोही त्यांना धरवेना. मग मी हळद आणि तूप आणलं आणि त्यांचा हात पुढे ओढला. खडूखेरीज काही न धरलेला तो हात. चार फोड, त्यांतले दोन फुटलेले. मी हळद लावत राहिले. हे भिंतीकडे बघत राहिले.

"मला सोनं नको होतं," हे एकदम म्हणाले.

"हो," मी म्हटलं.

"खरंच नको होतं. मी उंबऱ्याशी काढा घेऊन उभा होतो. आई तुझ्याशी बोलली. माझ्याशी नाही बोलली. मी म्हटलं, काही महत्त्वाचं असणार. म्हणून सुनेला सांगितलं, मुलाला नाही. दोन वर्षं वाट बघतोय, तू आपण होऊन सांगशील म्हणून."

मी चिंधी बांधता बांधता थांबले. बारा खड्डे खणून ह्यांना काय शोधायचं होतं, ते मला तेव्हा कळलं. बाहेर कुणाजवळ बोलू नकोस, असं सासूबाई म्हणाल्या होत्या. मुलगा काही बाहेरचा नव्हे, असं मी मनाशी ठरवलं. चुकलं असेल तर ते पाप माझ्या नावावर. आणि मी सगळं सांगितलं. लाखोली, पारिजातक, विकतचं नको, मागितलेलं नको, आपल्या परसातलं हवं, आधी आखून बघ.

"एवढंच?"

"नंतर विचारलं, दुधावर झाकण आहे ना."

ह्यांनी चेहरा फिरवला. म्हणाले, "ते तर माझ्यासाठी. मला सायीचं दूध लागायचं."

ते मी दोन वर्षं धरलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सोमवार. पहाटे मी तुळशीला प्रदक्षिणा घालत होते. खड्डे आता खोल, त्यामुळे जपून पाय टाकत होते. तुळशीजवळच्या खड्ड्यापाशी मी पुन्हा पारिजातकाचा एक पांढरा ठिपका काढला होता. आतून धोतर झटकल्याचा आवाज आला. हे पडवीत आले. खांद्याला कालच्या भाकरीची शिदोरी, काखेत ओलं केलेलं गोणपाट, रोपाच्या मुळांना गुंडाळतात तसं. डोक्याला टोपी. हाताच्या चिंध्या हळदीनं पिवळ्या झालेल्या.

डोंगराची वाट कोणत्या बाजूला, हे मला ठाऊक होतं. तरी निघालेल्या माणसाला कुठे म्हणून विचारायचं नसतं, आणि माझं तर मौन होतं. ह्यांनी एकदा त्या पांढऱ्या ठिपक्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही. मीही पाहिलं नसल्यासारखं केलं आणि पुढची प्रदक्षिणा धरली.

परसाचं दार नेहमी कुरकुरतं. ते त्यांनी दोन्ही दुखऱ्या हातांनी किंचित उचलून धरलं, आवाज होऊ दिला नाही, आणि भिंतीवर दमयंतीबाईंचं डोकं यायच्या आत बाहेर पडले.